राज्य उतरतच नाही: 'पापाउते'चा व्हिडिओ तुम्ही कसा वाचता?

ओंजळ

स्त्रोमाय या बेल्जियन गायकाचं 'पापाउते' हे २०१३ सालचं गाणं. व्हिडिओ जेमतेम चार मिनिटांचा आहे. पाहिला नसेल तर आधी एकदा पाहून या, कारण पुढे सगळं उघड करून लिहिणार आहे.

आमच्या घरी हे गाणं कित्येक वर्षं वाजतंय. लेक बालवाडीत असल्यापासून यावर नाचते. मलाही ते नाचायचंच गाणं वाटायचं, कारण ताल तसाच आहे, पाय थांबत नाहीत. पुढे पुण्यात फ्रेंच शिकायला लागले. एकदा बाईंनी वर्गात नेमकं हेच गाणं लावलं आणि ऐकून रिकाम्या जागा भरायला सांगितल्या. पाच-सहा ओळींनंतर माझं पेन थांबलं. इतकी वर्षं माझी मुलगी कशावर नाचत होती?

नाव म्हणजे 'पापा, ऊ ते', बाबा, तू कुठेयस? तीन शब्द उच्चारतात तसे एकत्र जोडून लिहिलेत. लिहायला नुकतंच शिकलेलं मूल लिहील तसे.

व्हिडिओत पन्नाशी-साठीच्या दशकातल्या वाटणाऱ्या सजावटीचं एक घर आहे, एक मुलगा आहे आणि त्याचे बाबा. बाबा म्हणजे दुकानाच्या काचेमागे कपडे घालून उभा करतात तसला पुतळा. चेहऱ्यावर गुळगुळीत हसू, डोळे समोर, हात आखडलेले. ही भूमिका स्वतः स्त्रोमायने केली आहे. मुलाचे कपडे हुबेहूब बाबांसारखे. शेजारची मुलं आपापल्या आईबरोबर, बाबांबरोबर नाचतायत. हा मुलगा ते पाहतो, बाबांपुढे नाचून दाखवतो, त्यांना हलवायला बघतो. मध्ये काही क्षण बाबा जिवंत होतात, दोघं मिळून नाचतात, आणि पुन्हा पुतळा. शेवटी मुलगा त्यांच्या शेजारी बसतो आणि तोही तसाच गोठतो. तेच हसू.

आता मला काय दिसलं ते. गाण्यातला मुलगा म्हणतो की हजार वेळा तरी माझी बोटं मोजून झाली, कुठे लपलायस सांग. मराठीत नेटवर जे अर्थ सापडतात त्यात याचं 'वाट पाहून थकलो' असं काहीतरी केलेलं असतं. पण हा लपंडाव आहे हो! डोळे मिटून भिंतीला टेकून 'दहा, वीस, तीस, चाळीस' म्हणतो ना, ते हे मोजणं. मुलावर राज्य आहे. आई त्याला सांगते की नीट शोधलं की सापडतंच, आणि बाबा काही लांब नाहीत, कामासाठी फार बाहेर असतात. म्हणजे खेळ चालू आहे असंच तिने त्याला सांगितलंय.

लपंडावाचा एक नियम कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना ठाऊक असतो. दिवेलागण झाली, घरून हाक आली की खेळ मोडायचा आणि लपलेल्यांनी आपणहून बाहेर यायचं. या मुलाचा खेळ कुणी मोडलाच नाही. हजार वेळा मोजूनही त्याच्यावरचं राज्य उतरलेलं नाही.

स्त्रोमायचं खरं नाव पॉल व्हान हावर, जन्म १९८५चा, ब्रसेल्समधला. आई बेल्जियन. वडील आफ्रिकेतल्या रवांडातले, तुत्सी जमातीचे, वास्तुविशारद. आधीही ते मुलांजवळ फारसे नसत. १९९४च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवस रवांडात तुत्सींचा जो नरसंहार झाला, त्यात आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यांत तेही होते. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. गाण्यात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे त्याचं नाव मात्र 'रासीन कारे', म्हणजे वर्गमूळ. फ्रेंचमध्येही या शब्दात झाडाचं मूळ दडलंय, आपल्यासारखंच.

माझा प्रश्न शेवटच्या दृश्याबद्दल आहे. मुलगा हरला, थकला, म्हणून गोठला असं बहुतेकजण म्हणतात. मला ते पटत नाही. बाबा हलत नाहीत ना, मग मीच बाबांसारखा होतो, असं त्याने ठरवलंय असं मला वाटतं. त्या वयाला ती हार वाटत नाही, माया वाटते. तुम्हाला काय दिसतं?

---

दर्यावर्दी

धागा वाचला आणि गाणं लागोपाठ तीनदा पाहिलं. फ्रेंचचं एक अक्षर कळत नाही, तरी पहिल्याच वेळी घशात काहीतरी आलं.

माझे बाबा जहाजावर फिटर होते. आम्ही रत्नागिरीजवळचे. नऊ-दहा महिने दर्यावर, मग दीड-दोन महिने घरी. घरी आले की पडवीतल्या खुर्चीत बसायचे. बसायचे म्हणजे बसायचेच. आम्ही भावंडं आधी दुरून बघायचो, मग जवळ जाऊन त्यांच्या हातावरचे केस मोजायचो. ते हसायचे, पण त्यांचं ते हसू आमच्याकडे बघून नसायचं. त्यांना आमच्याशी काय बोलायचं ते माहीतच नव्हतं. आमची इयत्ता विचारायचे आणि ती दर वेळी चुकायची. आमच्याशी जुळायला लागेपर्यंत जायची तारीख आलेली असायची.

तेव्हा माझ्यासाठी व्हिडिओतला तो पुतळा मेलेला माणूस नाहीच. तो घरी असलेला माणूस आहे. ओंजळताई, तुम्ही म्हणता बाबा लपलेत. माझ्या घरी बाबा समोर बसलेले असायचे आणि लपलेले आम्ही होतो. त्यांनी एकदा तरी शोधायला यावं म्हणून.

---

वाटसरू६२

विवेचन मनापासून आवडले. तरीही एक हरकत नोंदवतो.

कलाकृतीच्या आधी कलाकाराचे चरित्र वाचले की आपण कलाकृती पाहणे सोडून चरित्रच पाहू लागतो. या दृश्यफितीत रवांडा नाही, युद्ध नाही, मृत्यू नाही. शिवाय तिचा दिग्दर्शक स्त्रोमाय नसून राफ रेन्टयेन्स हा दुसरा गृहस्थ आहे. रवांडा कुठे आहे हे ठाऊक नसलेल्या लाखो प्रेक्षकांना ही फीत कळली, दर्यावर्दी यांना तर भाषेशिवाय कळली. त्यामुळे पुरावा फितीतच शोधावा असे मला वाटते.

मला त्यात दिसले ते असे. त्या गल्लीतल्या प्रत्येक मुलाकडे पाहा. प्रत्येकाचे कपडे आपल्या पालकासारखे आहेत आणि नाचण्याची तऱ्हाही पालकाचीच आहे. नियम सर्वांना एकच लागू आहे: मूल जे पाहते ते उचलते. आपला नायक या नियमाला अपवाद नाही, शेवटी तोही तेच करतो. त्याला समोर नाच दिसला असता तर त्याने नाच उचलला असता. त्याला स्तब्धता दिसली, ती त्याने उचलली.

म्हणून तो हरला असेही मी म्हणणार नाही आणि मायेने गोठला असेही म्हणणार नाही. तो शिकला. त्या दृश्याचे भय मला तिथे वाटते.

---

ओंजळ

वाटसरूकाका, हे मला अजिबात सुचलं नव्हतं. शेजारच्या जोड्या मी फक्त 'बघा, इतरांना आईबाबा आहेत' एवढ्यासाठी आहेत असं धरून चालले होते. आता परत पाहिलं तर अंगावर काटा आला. शेजाऱ्यांचा नाच आणि या मुलाचं गोठणं ही एकच गोष्ट आहे.

चरित्राबद्दल मात्र थोडं भांडते. चरित्र माहीत नसताना मला हे 'लक्ष न देणारा बाप' असं गाणं वाटत होतं आणि त्या बापाचा राग येत होता. माहीत झाल्यावर राग करायला माणूसच उरला नाही. ज्याच्यावर चिडायचं तो मारला गेलाय, आणि तरी चिडायचं आहेच, कारण तो आधीही नव्हता. नऊ वर्षांच्या पोराने हे दोन्ही कुठे ठेवायचं?

दर्यावर्दी, शेवटची ओळ वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

---

तिरपी_रेघ

संकलनाचं काम करते, म्हणून थोडं त्या अंगाने.

आवाज बंद करून पाहा. एकदा तरी. गाण्याचा ताल आपल्याला इतका पुढे ढकलतो की मुलगा किती वेळा एकटा नाचतोय ते लक्षातच येत नाही. आवाज काढला की तेवढंच दिसतं. नाच बसवलाय मारियाँ मोताँ यांनी. शेजारच्या जोड्यांमध्ये प्रत्येक हालचालीला समोरून उत्तर मिळतं, एकाने हात टाकला की दुसऱ्याने झेलला. मुलाच्या हालचाली हवेत सुटतात. त्याचं नाचणं म्हणजे हाक मारणं आहे.

दुसरी गोष्ट. व्हिडिओ आला तेव्हा स्त्रोमाय अठ्ठावीस वर्षांचा होता. ही गोष्ट त्याच्या बालपणाची असेल तर तो स्वतः खरं म्हणजे मुलाच्या जागी असायला हवा. तो बसलाय बापाच्या जागी. ज्या माणसाला तो शोधत होता त्याचे कपडे घालून, त्याच्यासारखा न हलता. आणि आपल्या बालपणाकडे बघून त्याला काहीच उत्तर देता येत नाहीये. गाण्याच्या दुसऱ्या भागात तो म्हणतोच की आज ना उद्या आपण सगळे बाप होणार आणि एके दिवशी नाहीसे होणार, तेव्हा आपण तिरस्काराच्या लायकीचे असू की कौतुकाच्या? हा प्रश्न मुलाचा नाही, मोठ्या झालेल्या मुलाचा आहे.

मधला जिवंत होण्याचा तुकडा मला सगळ्यात क्रूर वाटतो. तिथे दोघांची पावलं जुळतात. इतकी जुळतात की ते स्वप्न आहे हे कळतं. खऱ्या बापाची पावलं थोडी चुकली असती.

---

निर्मळवाट

मी शाळकरी मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते. या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पॉलीन बॉस नावाच्या अमेरिकन कुटुंब-समुपदेशनतज्ज्ञ आहेत. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांबरोबर त्यांनी १९७०च्या दशकात काम केलं. वैमानिक मेलेत असं कुणी सांगत नव्हतं आणि ते परतही येत नव्हते. या अवस्थेला त्यांनी एक नाव दिलं. मराठीत मी त्याला 'अधांतरी वियोग' म्हणते. त्याचे दोन प्रकार त्या सांगतात. एकात माणूस देहाने नाही पण मनात सतत आहे. दुसऱ्यात माणूस देहाने समोर आहे पण मनाने नाही, जसं स्मृतिभ्रंशात होतं, दारूत होतं.

आता गंमत पाहा, म्हणजे गंमत नव्हे, पण पाहा. गाण्याचे शब्द पहिल्या प्रकारचे आहेत: बाबा कुठे आहेत? व्हिडिओ दुसऱ्या प्रकारचा आहे: बाबा इथेच आहेत, पण नाहीत. ओंजळ यांनी शब्द ऐकले, त्यांना लपंडाव दिसला. दर्यावर्दींनी फक्त चित्र पाहिलं, त्यांना पडवीतली खुर्ची दिसली. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. या व्हिडिओने एकाच मुलाच्या अंगावर दोन्ही वियोग ठेवले आहेत.

आणखी एक, माझ्या कामातलं. गाण्यातली आई म्हणते की बाबा कामाला जातात. आपल्याकडे 'बाबा गावाला गेलेत', 'देवबाप्पाकडे गेले', 'चांदणी झाले'. पाच-सहा वर्षांपर्यंतचं मूल हे शब्दशः घेतं. गावाला गेलेला माणूस परत येतो, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. एक मुलगी वर्षभर एसटी स्टँडच्या बाजूने घरी जायचा हट्ट करायची, का ते घरात कुणालाच कळेना. मुलांना 'मेले' हाच शब्द सांगावा लागतो, त्यांच्याजवळ बसून, आणि पुनःपुन्हा. न सांगण्याने दुःख वाचत नाही, मुलाच्या वाट्याला फक्त शोधणं येतं.

---

ब्रसेल्सकर

इथे ब्रसेल्समध्ये अकरा वर्षं आहे, फ्रेंच आणि डच दोन्ही भाषा मोडक्यातोडक्या बोलतो. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

पहिली, बोटांची. पहिल्या भागात 'माझी बोटं हजारदा मोजली'. शेवटच्या भागात तीच ओळ बदलून येते: 'आपण आपली बोटं हजारदा खाल्ली'. 'मी'चं 'आपण' झालं आणि मोजण्याचं खाणं झालं. मधे एक ओळ अशी आहे की बाप कसं व्हायचं हे काय अंगठ्यातून चोखून काढायचं का? फ्रान्समधल्या माणसाला ती ओळ विचित्र वाटते, कारण ती फ्रेंचच नाही. डच भाषेत 'अंगठ्यातून चोखून काढणं' म्हणजे मनाने काहीतरी रचून सांगणं. स्त्रोमायची आई फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्यांतली. वडील शोधण्याच्या गाण्यात आईच्या भाषेतला वाक्प्रचार येऊन बसलाय. त्याला वाढवलं तिने. मला ही ओळ ऐकली की वाटतं, आई या गाण्यात दिसते त्यापेक्षा खूप जास्त आहे.

दुसरी गोष्ट, माझी स्वतःची, दिग्दर्शकाच्या मनात होती असा माझा दावा नाही. ती पन्नाशीच्या दशकातली सजावट इथल्या माणसाला एका ठरावीक काळाची आठवण देते. १९५८ साली ब्रसेल्समध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. त्यासाठी उभारलेली आटोमियम नावाची वास्तू अजून आहे, पाहुणे आले की मी तिथे नेतो. त्याच प्रदर्शनात काँगोतून आणलेल्या माणसांना कुंपणापलीकडे झोपड्यांत बसवून लोकांना दाखवलं होतं. काँगो तेव्हा बेल्जियमच्या ताब्यात होतं आणि रवांडाही, १९६२पर्यंत. रवांडातल्या प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू की तुत्सी ही जमात छापायला १९३०च्या दशकात बेल्जियन प्रशासनानेच सुरुवात केली. १९९४मध्ये रस्तोरस्ती अडवून तीच ओळखपत्रं तपासली गेली. त्या सुबक, रंगीत, सुखी घरात एक काळा बाप नमुन्यासारखा मांडून ठेवलेला पाहिला की मला ते कुंपण आठवतं.

---

वाटसरू६२

ब्रसेल्सकर, ओळखपत्रांची माहिती महत्त्वाची आहे आणि ती इथे आली हे बरे झाले. परंतु १९५८च्या प्रदर्शनापर्यंत जाणे मला ताणलेले वाटते. जुन्या वळणाची सजावट ही त्या काळातल्या जाहिरातींतील आदर्श कुटुंबाची खूण म्हणून जगभर वापरतात. आई, बाबा, मूल, हसरे चेहरे. इथेही तिचे काम तेवढेच असावे: जाहिरातीतल्या बापासारखा दिसणारा, म्हणजे फक्त दिसणारा बाप.

---

ब्रसेल्सकर

असेल, काका. जाहिरातीचा मुद्दा मान्य. पण पाहणारा कुठे राहतो यावरही थोडं अवलंबून असतं. 'फोर्मिदाब्ल' या त्याच वर्षीच्या गाण्यासाठी तो लुईझच्या ट्राम थांब्यावर दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खात फिरला आणि लपवलेल्या कॅमेऱ्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यांना टिपलं. मी त्या थांब्यावर आठवड्यातून चारदा उतरतो. मला ते गाणं तुमच्यासारखं ऐकताच येणार नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. हा अल्बम घेऊन त्याने केलेला मोठा दौरा ऑक्टोबर २०१५मध्ये संपला. शेवटचा कार्यक्रम किगालीत होता, रवांडाच्या राजधानीत. 'बाबा, तू कुठेयस' हे त्याने तिथे, त्या मातीवर उभं राहून म्हटलं.

---

ओंजळ

किगालीचं वाचून गप्पच झाले.

बोटांवरून मला आपली भाषा आठवत राहिली. आपल्याकडे बापाचं बोट धरतात. 'बोट धरून चालवलं', 'बोट धरून शाळेत नेलं', 'बोट सुटलं'. गाण्यातला मुलगा स्वतःचीच बोटं मोजतो, त्याच्या भाषेत अंगठा चोखतो, मग बोटं खातो. धरायला दुसऱ्या कुणाचं बोटच नाही. हे भाषांतर करताना एकही शब्द न बदलता मराठीत उतरतं, आणि कदाचित मूळ फ्रेंचपेक्षा मराठीत जास्त दुखतं.

आणखी एक कोडं आहे. गाण्यात 'जेनितर' आणि 'जेनी' असे दोन शब्द शेजारी ठेवलेत, जन्म देणारे आणि प्रतिभावान. आम्ही होणार कोण, असं तो विचारतो. वर्गात मला हे जमलं नव्हतं. 'जन्मदाते की दाते' असं सुचतंय, पण दात दिसतात त्यात. कुणाला सुचलं तर सांगा.

---

तिरपी_रेघ

'बापजादे की बाप'? नको, चिडवल्यासारखं होतं. 'जनक की जाणते'?

---

ओंजळ

'जनक की जाणते' मी माझ्या वहीत लिहून ठेवतेय. तुमच्या नावासकट.

---

कवडसा

कधी लिहीत नाही इथे, फक्त वाचते. निर्मळवाट, तुमचा एसटी स्टँडचा परिच्छेद वाचून दोन दिवस झाले.

माझे वडील मी साडेचार वर्षांची असताना परराज्यात कामाच्या जागी अपघातात गेले. मला सांगितलं होतं की बाबा साइटवर आहेत, मोठं धरण आहे, बांधून झालं की येतील. शाळेत चौथीला भूगोलात धरणं आली. मी बाईंना विचारलं की एक धरण बांधायला किती वर्षं लागतात. बाईंना घरचं माहीत होतं. त्या रडायला लागल्या. तशी मला बातमी कळली. कुणी शब्द उच्चारला नाही, बाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

मी घरी येऊन कुणाला काही बोलले नाही. मला कळलंय हे आईला कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं, कारण ती बिचारी इतकी वर्षं माझ्यासाठी ते सांभाळत होती. मग आम्ही दोघी एकमेकींसाठी ते सांभाळत राहिलो. म्हणून ओंजळताईंचं शेवटच्या दृश्याबद्दलचं म्हणणं मला पटतं. मूल गोठतं ते कुणाला तरी जपण्यासाठी.

पण एक सांगते. या व्हिडिओतल्या घरात मला आई दिसलीच नाही. गाण्यात तिचा निरोप आहे, घरात ती नाही. आणि इथेही सगळे बाबांबद्दल बोलतायत, आईने सांगायला हवं होतं म्हणतायत. माझी आई तेव्हा सव्वीस वर्षांची होती. सासरी, दहा माणसांत. तिला स्वतःला रडायला जागा नव्हती. ती मला कुठे बसवून काय सांगणार होती?

---

निर्मळवाट

कवडसा, तुमचं म्हणणं अगदी खरं आहे आणि माझं लिहिणं अपुरं होतं. मुलाला सांगावं हे आम्ही शिकवतो. सांगणाऱ्या बाईजवळ कोण बसणार, हे त्याच दमात शिकवायला हवं. गाण्यातली आई खोटं बोलते असं मी मनात धरलं होतं. आता वाटतं, नीट शोधलं की सापडतं हे वाक्य ती स्वतःलाही सांगत असेल.

तुम्ही आईशी याबद्दल कधी बोललात का? उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

---

दर्यावर्दी

कवडसाताई, चौथीतल्या त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटतो.

मी आता दोन पोरींचा बाप आहे. जहाजावर गेलो नाही, मुद्दाम नाही गेलो. तरी संध्याकाळी कामावरून आल्यावर खुर्चीत बसतो तेव्हा धाकटी माझ्या हातावरचे केस मोजते. तिला कुणी शिकवलं नाही हे. काल तिने मोजायला घेतले तेव्हा मी फोन खाली ठेवला आणि तिच्याबरोबर मोजायला लागलो. एकशे बाराला ती चुकली. परत पहिल्यापासून.

---

वाटसरू६२

दर्यावर्दी, आपण दिलेले उदाहरण माझ्या मूळ मुद्द्याच्या विरुद्ध जाते आणि मला त्याचा आनंद आहे. मूल पाहते ते उचलते असे मी लिहिले होते. परंतु मोठा झालेला माणूस उचललेले खालीही ठेवू शकतो. पुढे २०१८मध्ये स्त्रोमाय स्वतः बाप झाला आणि २०२२च्या अल्बममध्ये त्याने तान्ह्या बाळाच्या लंगोटांवर आणि जागरणांवरही गाणे केले, असे वाचून समजले. ते आता ऐकतो.

---

कवडसा

निर्मळवाट, तुम्ही विचारलंत म्हणून. कधी बोललो नव्हतो. या रविवारी आईकडे गेले होते.

मी तिला विचारलं की तुला कुणी सांगितलं? तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. ती म्हणाली, तार आली होती, इंग्रजीत. घरात इंग्रजी येणारं कुणी नव्हतं. तारवाला सायकल घेऊन निघून गेला होता. ती तार पदराखाली धरून शेजारच्या आळीतल्या मास्तरांकडे गेली, त्यांनी वाचली, आणि मास्तर आत निघून गेले. त्यांच्या बायकोने बाहेर येऊन पाणी दिलं. शब्द तिलाही कुणी सांगितला नाही.

मग मी तिला फोनवर हा व्हिडिओ दाखवला. तिला फ्रेंच कळत नाही, हिंदी गाणीही ती फारशी ऐकत नाही. चष्मा लावून पूर्ण पाहिला. मुलगा शेवटी बापाशेजारी जाऊन बसला आणि तसाच ताठ झाला, तेव्हा ती फोनकडे बोट करून म्हणाली, "अगं, त्याला उठवा कुणीतरी तिथून. जेवायची वेळ झाली असेल त्याची."